पणजोबा फरार आहेत

सोनम मुकणेला फोन करून मी सांगितलं, "अभिनंदन. तुझे पणजोबा चोर निघाले."

ती रडायला लागली. आनंदाने. आमच्या धंद्यात हे चालतं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दातांचा दवाखाना आणि कोचिंग क्लास यांच्या मधल्या सहा फुटांत माझं ऑफिस आहे. लोकांना दाखले हवे असतात, त्यासाठी मी त्यांचे पूर्वज शोधतो. सोनम गगनबावड्याकडची, कातकरी. आदिवासींच्या राखीव जागेवर तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र वीस तारखेपर्यंत जमा झालं नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. प्रमाणपत्राला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, वडिलांकडच्या माणसाचा, जात लिहिलेला. आता कातकऱ्यांकडे जमीन नव्हती, म्हणजे सातबारा नाही. शाळा नव्हती, म्हणजे शाळेचा दाखला नाही. जन्म-मृत्यू त्यांनी कुणाला न कळवता उरकले. सरकारने त्यांची नोंद एकाच ठिकाणी मनापासून ठेवली, ती गुन्ह्यांच्या वहीत.

दोन महिने धूळ खाल्ल्यावर संस्थानी काळातल्या जंगल खात्याच्या एका मोडी वहीत मला तो सापडला. 'गोमा वलद लक्ष्या, जात कातकरी. विनापरवाना खैराची चाळीस झाडे तोडली. चौकीतून फरार. सन १९४६.' कुठल्याच फरार माणसाला बघून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

एकच काम उरलं होतं. पडताळणी समितीची माणसं घरी येऊन आजोबांना विचारणार, गोमा तुमचे वडील का, आणि आजोबांनी व्हय म्हणायचं. एक शब्द. सोनमचे वडील कोळशाच्या भट्टीवर कर्नाटकात गेलेले, त्यामुळे सगळा भार त्या एका शब्दावर. सतरा तारखेची भेट ठरली.

त्या आनंदात मी कुठलाही कोल्हापूरकर करेल तेच केलं. फ्लेक्स छापला. वर मधोमध 'कै. गोमा लक्ष्या मुकणे', खाली वंशावळीच्या फांद्या, शेवटच्या फांदीवर सोनम. फ्लेक्सवाल्याने सवयीने गोमाच्या पुढे 'किंग' टाकलं होतं, ते मी काढायला लावलं. कोपऱ्यातले दोन वाघ राहून गेले.

सतराला सकाळी नऊ वाजता तो मी सोनमच्या घराच्या कुडावर बांधला. दहाला बघतो, तर तो शेळ्यांच्या छपरावर पालथा पडलेला आणि सोनमचे आजोबा, अण्णासो, दारात उकिडवे बसलेले.

"गोमा म्हणून कोण न्हाय," ते म्हणाले. "आमच्यात तरी न्हाय."

"आजोबा, तुमचा बाप की."

"मला बाप न्हवता."

सोनमने मला बाजूला घेतलं. त्यांच्या घरात एक शिस्त होती. खाकी कपड्यातलं किंवा हातात कागद असलेलं कुणीही आलं आणि गोमाचं नाव काढलं, की नाही म्हणायचं. अण्णासो आठ वर्षांचे असताना खुद्द गोमानेच ते शिकवलेलं. चौकीतून पळून तो या वाडीवर आला, वीस वर्षं जगला आणि इथेच वारला. त्याला धरायला कुणी आलं नाही. घरच्यांच्या मते ते याचमुळे, की सगळेजण नाही म्हणत होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सर, तुमच्या हातात कागद होते."

मी अण्णासोंच्या शेजारी बसलो. "आजोबा, ते वारले. असते तरी एकशेवीस वर्षांचे असते. कोण धरणार त्यांना?"

"तो मेला. कागद कुठं मेलाय?"

तो कागद मीच उकरून काढला होता.

मग सोनम त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलली. मला फक्त 'नर्सिंग' कळलं, दोनदा. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. हा होकार होता की सांत्वन, ते मला कळेना, आणि जीप आली.

समितीच्या संशोधन अधिकारी राजमती चौगुले मॅडम उतरल्या. मागोमाग एक हवालदार, खाकीत. एवढा गारठा, निदान स्वेटर तरी घालायचा माणसाने.

मॅडमनी देव विचारले, लग्नातल्या चालीरीती विचारल्या, खैरापासून कात कसा पाडतात ते विचारलं. अण्णासो धडाधड बोलत होते. मग मॅडमनी वहीतल्या नोंदीची झेरॉक्स काढली.

"हा गोमा वलद लक्ष्या. तुमचा कोण?"

हवालदाराने टोपी नीट केली.

"वळखत न्हाय."

"नीट आठवा, आजोबा."

"आठवायला माणूस असाय पायजे की."

मॅडम जबाब लिहायला लागल्या. या धंद्यात उलटं वाचायला येतं. 'नाते नाका' इथपर्यंत पेन पोचलं होतं. सोनमने फाईल पोटाशी धरली, तिचं प्लास्टिक चुरचुरत होतं.

"मॅडम, आजोबांना जरा ऐकायला कमी येतं," मी म्हणालो.

"चांगलं ऐकायला येतंय," अण्णासो म्हणाले.

मॅडमनी वाक्य पूर्ण केलं. "अंगठ्याआधी नोंद वाचून दाखवायची असते," म्हणत त्यांनी झेरॉक्स उचलली आणि बसचं वेळापत्रक वाचावं तशी वाचली. "...विनापरवाना खैराची चाळीस झाडे..."

"किती?"

"चाळीस."

"कोण म्हणतंय?"

"वही म्हणते."

"एका माणसानं? एका कुऱ्हाडीनं? खैर हाय का पपई?"

"मग किती?" मॅडमनी विचारलं. हवालदारही पुढे वाकला.

"सात. मी मोजल्यात. बाकीची तेहतीस चौकीवरच्या जमादारानं इकली आणि आमच्या बाच्या नावावर..."

अण्णासो थांबले.

"आमच्या बाच्या," मॅडम हळूच म्हणाल्या.

म्हाताऱ्याने हवालदाराकडे बघितलं. मग दोन्ही मनगटं जोडून पुढे केली. "न्या मला. पोरीला तिचा कागद द्या."

हवालदाराला आपले हात कुठे ठेवावेत कळेना.

"अंगठा एकच लागतो, आजोबा," मॅडम म्हणाल्या.

अण्णासोंनी हात मागे घेतले. "मग सात लिवा."

"जुनी नोंद मला बदलता येत नाही."

"मग अंगठा बी न्हाय."

"आजोबा, तीन दिवस राहिलेत..." मी म्हणालो.

"तुमी गप बसा, पावणं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं. सोनम माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. शेवटी मॅडमनी जबाबातलं 'नाते नाकारले' खोडून सही केली आणि खाली लिहिलं, 'गोमा हे माझे वडील. त्यांनी तोडलेली झाडे सात.'

अण्णासोंनी ते सोनमला दोनदा वाचायला लावलं. 'सात' कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. मग अंगठा उठवला.

"एकोणीसला ऑफिसला ये," मॅडम सोनमला म्हणाल्या. "ओळखपत्र आण." सोनम तिथेच खाली बसली.

अण्णासो मात्र हवालदारासमोर जाऊन उभे राहिले. "आता तरी त्याला कोण धरणार न्हाय न्हवं?"

"न्हाय, बाबा."

"लिहून द्या."

हवालदाराने मॅडमकडे बघितलं. मॅडम जीपकडे बघत होत्या. मी त्याला कोरा कागद दिला.