खालून वर, वरून खाली

आम्ही वर राहतो, सासू-सासरे खाली. जिना एकच, पण स्वयंपाकघरं दोन आणि राउटरही दोन. खाली पुढच्या खोलीत बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांचं कार्डाचं यंत्र आणि बिलाचा प्रिंटर त्यांच्या राउटरवर चालतो, आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. दिवसभर खटखट चालते, म्हणून आमची तान्ही टिल्ली झोपते ती वरच.

दुसऱ्या दिवशी मला कामावर रुजू व्हायचं होतं. लोकांच्या ऑफिसांत नेटवर्क जोडून देणं हे माझं काम, टिल्लीच्या जन्मापासून सुटलेलं. तिला आई सांभाळणार होत्या, पण त्यांचे गुडघे दुखरे.

"ती रडली की चढेन गं मी," त्या म्हणाल्या. "पण झोपलीय की उठलीय एवढं बघायला सारखी चढले, तर दुपारपर्यंत मलाच पाळण्यात घालावं लागेल."

पाळण्यावर कॅमेरा होता. चित्र घराबाहेर जाणार नाही असाच मी मुद्दाम घेतलेला. पण वरचं वायफाय स्लॅबमधून खाली पोचत नाही. म्हणून दोन्ही राउटर एका तारेनं जोडायचे आणि खालच्या टॅबलेटवर वरचं चित्र आणायचं, असं ठरवलं. नाही जमलं तर पुन्हा रजा, आणि ती काही कुणी देणार नव्हतं.

टिल्लीला झोपवून खाली आले. कठड्यावरून तार सोडली, जोडली, टॅबलेटवर कॅमेऱ्याचा नेटवर्कमधला नंबर टाकला.

"कागद संपला आहे," आईंनी वाचलं. "टिल्लीचा?"

हसू आवरत मी बघितलं. दोन्ही राउटर माझ्या दिरानं बसवलेले. आईला एक आणि वहिनीला दुसरं असं नको, म्हणून त्यानं दोन्हीकडे अगदी सारखे नंबर दिलेले. वरच्या कॅमेऱ्याचा जो नंबर, तोच खालच्या प्रिंटरचा. टॅबलेटनं घरातल्या घरात हाक मारली आणि प्रिंटर ओ देऊन मोकळा झाला.

"बाबा, तुमच्याकडचे नंबर बदलावे लागतील."

त्यांनी मशीनमधून डोकं वर काढलं नाही. "आणि तेवढ्यात गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं तर?"

"उभं राहील घटकाभर," आई म्हणाल्या. "मी नाही का राहत, तुमचा चष्मा सापडेपर्यंत?"

बाबांनी हात पुसले आणि प्रिंटर, कार्डाचं यंत्र स्वतःच बंद करून दिलं.

नंबर बदलले. खालच्या राउटरला सांगितलं, वरच्या घराचं काही असेल तर या तारेनं पाठव. टॅबलेट उघडला, तर नुसतं गोल फिरत राहिलं. घरातल्या दोन खोक्यांची गाठ घालता येईना, उद्या लोकांकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

"चहा घे आधी," आई म्हणाल्या. "ते फिरतंय तर फिरू दे."

चहा तसाच ठेवून मी लॅपटॉपवर नीट पाहिलं. टॅबलेटची हाक वर पोचत होती. कॅमेरा उत्तरही देत होता. पण खालचं घर कुठे आहे हे वरच्या राउटरला ठाऊकच नव्हतं, म्हणून ते उत्तर तो बाहेर इंटरनेटवर भिरकावत होता. जायची वाट सांगितली होती, परतीची राहिली होती. नवीन पोरांना मी हेच आधी बजावायचे. वरच्या राउटरलाही वाट सांगितली.

चित्र आलं. टिल्ली, एक मोजा पायात, एक तोंडात.

"उठलीय की ही लबाड," बाबा म्हणाले. ते कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

मी उठायला लागले, तर आईंनी माझा खांदा दाबला. "बस तू. उद्या काय ऑफिसातून धावत येणार आहेस?"

कठडा धरून त्या एकेक पायरी चढत गेल्या. जरा वेळानं पडद्यावर त्यांचा हात आला, मोजा निघाला, आणि टॅबलेटमधून आवाज आला, "काय गं, कुणाला बोलावत होतीस?"

टिल्ली दोन्ही हात वर करून हसली. मी फोन घेतला आणि ऑफिसात कळवून टाकलं, उद्या येतेय.