मोठ्या अक्षरातला कागद

कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. लेखनाची नवी नियमावली आली, शीर्षक कुठे, समास किती, संदर्भ कोणत्या क्रमाने, तेव्हा ती हौसेने वाचणाऱ्या त्या एकट्याच. मग विभागप्रमुखांनी काम त्यांच्याच गळ्यात घातलं. "मुलांकडून नियम पाळून घेतो आणि आपण देतो त्या असाइनमेंटच्या सूचना मात्र गबाळ्या. सगळ्या एका साच्यात बसवा."

बाई कामाला लागल्या. कुणाचं शीर्षक डावीकडे सरकवलेलं, कुणी मुदतीची तारीखच घालायला विसरलेलं. इतिहासाच्या सरांचा कागद तर सगळ्यांवर कडी करत होता. अक्षरं ही एवढाली, ओळीत जेमतेम तीन-चार शब्द, अर्ध्याहून जास्त मजकूर ठळक. अर्ध्या पानाच्या सूचना चार पानांवर पसरलेल्या. या सरांकडे बाई स्वतः शिकल्या होत्या.

बैठकीत त्यांनी तोच कागद पडद्यावर लावला. वरचं नाव तेवढं काढलं. नाव काढलं की झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. 'इथे कुणीतरी हसेल' हे मात्र त्यांनी आदल्या दिवशीच मनात घोळवून ठेवलं होतं.

"आता हे बघा," बाई म्हणाल्या. "ही अक्षरं आहेत की भोपळे?"

खोलीत हशा पिकला. बाईही हसल्या.

मागच्या खुर्चीवरून सर म्हणाले, "तो कागद माझा आहे, बाई. अक्षरं लहान केली की मला दिसत नाहीत. तुम्हाला त्रास झाला."

ज्यांनी आजवर 'अगं पोरी' सोडून दुसरी हाक मारली नव्हती, ते 'तुम्ही' म्हणत होते. पडदा बंद करायचं बटण बाईंना सापडेना.

"सर, डोळ्यांचं कधी बोलला नाहीत," विभागप्रमुख म्हणाले. आवाजात काळजी होती, पण पुढच्याच आठवड्यात सरांचे दोन्ही वर्ग दुसऱ्याला गेले.

बाई सरांच्या घरी गेल्या. दार काकूंनी उघडलं, 'ये' म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. एरवी त्या तासभर सोडत नसत.

"सर, माझं चुकलं. तुम्हाला दिसत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं."

"ते खरंच असेल. पण कागद कुणाचा ते माहीत होतं ना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "होतं," त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. "नियम चुकीचे नाहीत. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की त्या हशात तुमचा आवाज वेगळा ओळखू आला."

"सर, मला तू म्हणा हो."

"अंधार पडलाय. सांभाळून निघा, बाई," सर उठत म्हणाले.

घरी येऊन बाईंनी नियमावली पहिल्यापासून वाचायला घेतली. शेवटाकडे एक छोटा परिच्छेद होता: ज्याला गरज असेल त्याच्यासाठी अक्षरं हवी तेवढी मोठी ठेवावीत. समासाच्या मापांपुढचं हे पान त्यांनी कधी उलटलंच नव्हतं. नवरा जेवायला बोलावत होता. "भूक नाही," त्या म्हणाल्या, आणि तो परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या विभागप्रमुखांसमोर उभ्या राहिल्या. "सरांचा कागद नियमात बसत होता. नियम मला माहीत नव्हता. हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"कशाला चिघळवताय? लोक विसरलेसुद्धा."

"सर विसरलेले नाहीत."

पुढच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं. कुणी नजर वर केली नाही. सरांना एक वर्ग परत मिळाला. दुसरा मिळाला नाही.

आता सर सूचना तोंडी सांगतात आणि बाई टाइप करतात, आधी सरांसाठी मोठ्या अक्षरात, मग मुलांसाठी. सर कामापुरतं बोलतात आणि निघताना 'आभारी आहे, बाई' म्हणतात. बाई 'बरं, सर' म्हणतात, आणि ते जिना उतरेपर्यंत त्यांना वर बघवत नाही.