उलट्या अक्षरांचा आरसा

कोणीच बोलत नव्हते. टेबलावर कागदाचा एक तुकडा होता, त्यावर जांभळ्या शाईचा ओला ठसा होता, आणि त्या ठशावर भिंग धरून शिक्केवाला वाकला होता. समोर त्याची बायको उभी होती. तिच्या बोटांना शाई लागली होती आणि ती पुसायचे तिला सुचत नव्हते. त्या दोघांच्या मधे, लाकडी चौकटीत तिरका टेकलेला, मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझा एक कोपरा उडाला आहे. कडेचा पारा सुटत चालला आहे, आणि तेथे मला जग दिसत नाही, फक्त तपकिरी धुके दिसते. त्या दिवशीची शांतता मात्र मला अखंड दिसली. ती काय होती हे कळण्यासाठी तुम्हाला माझ्या आरंभापाशी यावे लागेल.

मी वाळू होतो. कोणत्या पाण्याकाठची, ते मला आठवत नाही. भट्टीच्या आगीत माझे असंख्य कण एकमेकांना विसरले आणि त्यांची एकच काच झाली. मग कोणीतरी माझ्या पाठीवर पारा चढवला आणि एकाएकी समोरची भिंत माझ्यात आली, खिडकी आली, खिडकीतले आकाश आले. मित्रांनो, त्या पहिल्या क्षणाचे आश्चर्य अजून माझ्यातून गेलेले नाही.

एका कपाटाच्या दारावर मी बरीच वर्षे होतो. घर बदलताना दार निसटले आणि माझे तुकडे झाले. एक तुकडा काचकाम करणाऱ्याने तळहाताएवढा कापला. तो शिक्क्यांच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने विकत घेतला. आज बोलतो आहे तो मी, म्हणजे तेवढाच तुकडा.

त्या दुकानात रबरी शिक्के बनत. शिक्क्यावरचे अक्षर उलटे असावे लागते, तेव्हाच ते कागदावर सुलटे उमटते. धातूच्या बारीक खिळ्यांच्या टोकांवर अशी उलटी अक्षरे कोरलेली असत. ते खिळे चिमट्याने उचलायचे, उजवीकडून डावीकडे जुळवायचे आणि ती ओळ माझ्यासमोर धरून वाचायची. मगच साचा, मग तापलेले रबर. माझे भाऊबंद सुलट्याचे उलटे करतात. मी मात्र आयुष्यभर उलट्याचे सुलटे करत आलो. परक्या भाषेतले शब्द असे रोज माझ्यात येऊन सरळ उभे राहत, आणि मी दिपून जात असे.

मालकाची एक रीत होती. शिक्का चुकला तर तो बोले, आणि असे बोले की रस्त्यावरचे लोक थांबत. शिक्का बरोबर असला तर तो एक शब्दही न उच्चारता उठे आणि चहाला निघून जाई. "बरोबर ते बरोबरच असायला हवं, त्याची आरती कशाला ओवाळायची?" असे त्याचे म्हणणे. आपला शिक्केवाला तेव्हा तरुण होता, हाताखाली काम करत होता. त्याने पहिला शिक्का केला आणि मालक उठून गेला, तेव्हा हा कितीतरी वेळ माझ्यात स्वतःचा चेहरा पाहत बसला. ही हकिगत त्याने पुढे बायकोला इतक्यांदा सांगितली की तो 'मालक' म्हणाला की ती म्हणे, "उठला आणि चहाला गेला. पुढे?"

मालक गेला. दुकान शिक्केवाल्याचे झाले. मग झटपट शिक्के करून देणारी यंत्रे आली, गिऱ्हाईक पांगले, आणि मी खणाच्या मागे पडलो. धुळीत पडलेल्या आरशात काय असते, मित्रांनो? काही नसते. काही नसण्याचेही प्रतिबिंब नसते.

एके दिवशी ओल्या फडक्याचा गारवा लागला. मी डोळे उघडावेत तसा उघडलो आणि समोर तिचा चेहरा होता. शिक्केवाल्याची नजर अधू झाली होती. बारीक अक्षरे त्याला पिठासारखी मिसळलेली दिसत. म्हणून ती दुकानात येऊ लागली.

तिची शाळा लवकर सुटली होती. इंग्रजी अक्षरे तिला ओळखू येत, पण स्पेलिंग म्हटले की तिचे हातपाय गळत. ती खिळे पाहून पाहूनच शिकली आणि तेथेच घोटाळा झाला. एक दातांची डॉक्टरीण पावती मागायला आली. "वहिनी, वर नुसतं 'रिसीट' लिहून द्या," ती म्हणाली. हिने झरझर लिहिले. उजवीकडून डावीकडे, एकूण एक अक्षर उलटे.

डॉक्टरीण कागद फिरवून फिरवून पाहू लागली. शिक्केवाला हसता हसता खोकू लागला. "अगं, लोक काय खिशात आरसा घेऊन फिरतात?"

ती हसली नाही. डॉक्टरीण गेल्यावर तिने तो कागद माझ्यासमोर धरला. माझ्यात शब्द सरळ उभा होता, त्यातला मुका 'पी'सुद्धा आपल्या जागी.

"बघा, याला कळलं," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा हाच शहाणा."

त्या दिवसापासून ती माझ्यापाशी बसू लागली. शब्द डोळे भरून पाहायचा, हाताने झाकायचा, अक्षरे मोठ्याने म्हणायची, मग जुळवून माझ्यात तपासायची. सरळ लिहायचा सरावही तेव्हाच चाले. चुकलेला शब्द ती टाकून देत नसे. दुसऱ्या दिवशी पहिला मान त्याचा. हळूहळू तिला शब्दांची कुळे दिसू लागली. 'लाइट', 'नाइट', 'राइट' यांच्या पोटात तेच न बोलणारे 'जी' आणि 'एच'. "हे आपल्या सासूबाईंसारखे," ती नवऱ्याला म्हणाली. "कोपऱ्यात गप्प बसलेल्या असायच्या. पण उठवून बघायची कुणाची हिंमत होती?"

"माझी तरी कुठे होती?" तो म्हणाला.

मी थक्क होत होतो. जे उच्चारले जात नाही तेही शब्दात आहे. कोणे एके काळी ते कुणाच्या तरी ओठांवर असेल. ओठ गेले, ध्वनी गेला, अक्षर मात्र जागा धरून उभे राहिले. 'नॉलेज' या शब्दाच्या दारातला 'के' माझ्यात उतरला, तेव्हा माझ्यात जणू एक दूरचे शतक उतरले.

मग नव्या रुग्णालयाचे काम आले. शब्द मालगाडीसारखे लांब. त्यांत सर्वांत अवघड होता तो नेत्ररोग विभागाचा, 'ऑफ्थॅल्मॉलॉजी'. शिक्केवाल्याने दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली.

"हा तू एकटीनं कर. मी मधे बोलणार नाही. जमला तर दुकान तुझं. नाही तर उद्या किल्ली शेजारच्या घड्याळजीला. त्याला जागा हवीच आहे."

"आणि जमला तर चहा तुम्ही आणायचा."

"आधी जमू तर दे."

तिने तो शब्द तुकड्यातुकड्याने पाठ केला. खिळे उचलले, जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. माझ्यासमोर धरले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून ओळ वाचली. मी स्थिर राहिलो. मला दुसरे काय करता येते? साचा झाला, रबर भाजले, आणि तिने कागदावर ठसा उमटवला.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. शब्द चुकला म्हणून तोंड लपवू नका. त्याला कोणासमोर तरी धरा आणि पुन्हा पाहा. आणि घरात एखादा धुळकट आरसा असेल तर तो पुसा. त्याच्या आत कोण वाट पाहत असेल, सांगता येत नाही.

आता तुम्हाला ती शांतता कळेल. तो बोलतो की उठतो, एवढेच उरले होते. भिंग एकेका अक्षरावरून सरकत होते. मधेच ते थांबले. मागे आले. पुन्हा पुढे गेले.

"अहो," ती शेवटी म्हणाली. "चुकलंय का? काहीतरी बोला."

त्याने भिंग खाली ठेवले. किल्ली होती तेथेच होती. तो उठला, कोपऱ्यातली रिकामी किटली चाचपून उचलली, आणि तिच्याकडे न पाहता दार ओलांडून रस्त्याला लागला. जितका तो दूर गेला, तितका माझ्या आत खोल गेला.