अंगठे धरून दिलेला नकार

हृषीकेशने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वडिलांना पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं, तेही त्यांच्या गुडघ्यांकडे बघून. पण दुपारच्या जेवणापर्यंत घरात असं काही घडलंच नाही असं ठरलं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि कवळीपासून सुरुवात करू.

कवळी नानांची. नाना म्हणजे हृषीकेशचे वडील रवींद्र, जिल्हा परिषदेतले निवृत्त अधीक्षक. २०१७च्या मार्चात ते पहिल्यांदाच ड्रोहेडाला आले, डॉक्टर लेकाकडे. आल्या दिवशीच त्यांनी आयर्लंडवर शेरा मारला, “बाकी ठीक आहे, पण सकाळी कवळी घातली की बर्फ चावल्यासारखं होतं.” सात वर्षांच्या नातीने, अनुष्काने, हे फार मनावर घेतलं.

शनिवारी सकाळी वाटीतली कवळी गायब. मृणालिनीने, म्हणजे सूनबाईंनी, कचऱ्याची पिशवीसुद्धा उलटी केली. मग अनुष्का म्हणाली, “इट्स इन द हॉट प्रेस, आजोबा. लव्हली अँड वॉर्म नाऊ.”

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, तिथे टॉवेल उबेला ठेवतात. रात्रभर टाकीला टेकून कवळी वाळली होती आणि कुत्सित हसल्यासारखी वाकडी झाली होती. नानांनी घालून पाहिली. बसेना.

“अंगठे धर!” नाना गरजले.

बिनदातांची गर्जना ती, फुग्यातून हवा गेल्यासारखी. पण हृषीकेशच्या पाठीला पुरली. नानांच्या घरात पोर चुकलं की वाकून पायाचे अंगठे धरायचे. पाठीवर लाकडी पट्टी ठेवली जाई. ती पडली की तिनेच मार. सुटका हवी तर वाकल्या वाकल्या तोंडी अर्ज करायचा, महोदय, वरील विषयास अनुसरून वगैरे. ‘आपला आज्ञाधारक’ राहिलं की पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्यापायी हृषीकेश गेलं वर्षभर एका समुपदेशक बाईंकडे जात होता. वॉर्डात सांगायचा, डेंटिस्टकडे चाललोय. वॉर्डाचं मत असं, की माणूस चांगला आहे, दात भयंकर आहेत. अनुष्काला कधीच कुणी वाकवणार नाही, आणि हे नानांना विमानतळावरच सांगेन, असा शब्द त्याने मृणालिनीला दिला होता. विमानतळावर त्याने नानांना ट्रॉली कुठे मिळते ते सांगितलं.

काय करायचं ते न कळून अनुष्काने बापाकडे पाहिलं. बाप तिथे नव्हता. म्हणजे होता, पण खाली. पायजम्यात, अंगठे धरून, पाठ अगदी सपाट.

“डॅडी, आर यू ग्रँड?”

“ग्रँड, बाळा,” खालून उत्तर आलं. ग्रँड म्हणजे तिकडे नुसतं ‘ठीक’.

“हृषी, ऊठ,” मृणालिनी म्हणाली.

“उठतो. एक मिनिट.” उठता येत नव्हतं.

“तुला कुणी सांगितलंय?” नाना गोंधळले. “मी हिला—”

“नाही, नाना,” तो समोरच्या गुडघ्यांना म्हणाला. “ती नाही धरणार. या घरात कुणीच नाही. आणि मी आता उठतोय, अर्ज न करता.”

तो उठला. पाठीवर काही नव्हतं, तरी काय पडलं ते बघायला त्याने मागे फरशीकडे पाहिलं.

जेवताना सगळं पूर्ववत. नाना भात मऊ कालवत होते, मृणालिनी तूप वाढत होती. ठरल्याचं फक्त अनुष्काला कुणी कळवलं नव्हतं.

“आजोबा, डिड युवर डॅड मेक यू डू इट?”

नानांचा हात थांबला. “आप्पा? उन्हात. अंगणात.” मग जरा ताठ बसून म्हणाले, “आम्हाला अर्जाची सोय नव्हती. ती मी सुरू केली.”

“ती सोय नव्हती, नाना,” हृषीकेश म्हणाला. “मला अजून झोपेत तो अर्ज पाठ येतो.”

मग नानांनी ताट थोडं सरकवलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडाने, कार्यालयीन आवाजात सुरुवात केली:

“महोदय, वरील विषयास अनुसरून, आपला मुलगा रवींद्र, इयत्ता तिसरी, आणि त्याचा मुलगा हृषीकेश, इयत्ता तिसरी, यांना झालेला मार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून दोघांनाही उभं राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.”