बाहेरून लावलेलं कुलूप

मित्रांनो, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका. पितळ काळवंडलंय, कडीला गंज चढलाय, पण मी अलीगढचं अस्सल जुनं कुलूप आहे. नुसतं दाबलं की बसतो, उघडायला मात्र किल्लीच हवी. कारखान्यात ठोकून, घासून, दहा वेळा उघडझाप करून मला पारखलं गेलं, आणि मनमाडच्या एका दुकानातून रावसाहेबांनी मला विकत घेतलं.

रावसाहेब एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. नाशिकची गाडी कुठे लागली, मालेगावची कधी सुटणार, हे भोंग्यावरून सांगणारा तो खणखणीत आवाज त्यांचा. घराबाहेर पडताना ते मला दाराला लावत आणि बायकोला म्हणत, "हे आहे तोवर घराची काळजी नाही." कौतुक कोणाला आवडत नाही? चोर बाहेर, घर आत आणि मी मध्ये. माझं काम मला नीट कळत होतं.

पुढे त्यांची पत्नी गेली. घर मोडलं. मुलगा प्रीतम सिंगापूरला इंजिनिअर होता, तो म्हणाला, "बाबा, आता इकडेच या." रावसाहेबांनी बॅगेला मला लावलं आणि आम्ही दोघे विमानात बसलो. ते दोन हजार चार साल होतं.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातला तो फ्लॅट छान होता. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी ग्रिल, आणि ग्रिलची एक किल्ली रावसाहेबांच्या खिशात. प्रीतम सकाळीच तुआसच्या कारखान्यात जाई, सून एकता बँकेत आणि नात रुपाली शाळेत. मग रावसाहेब खाली उतरत. इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा असते, व्हॉइड डेक म्हणतात तिला. तिथे शेजारचे टॅन नावाचे म्हातारबुवा चिनी बुद्धिबळ मांडून बसलेले असत; त्यात तोफ नावाचीही सोंगटी असते. एकाला मराठी येत होती, दुसऱ्याला चिनी. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा अगदी उत्तम चालत. घरी आल्यावर रावसाहेब हसत सांगायचे, "आज टॅनची तोफ मारली!" बायको गेल्यापासून ते हसलेले मी पाहिलेच नव्हते.

एक दिवस घात झाला. बसमधून ते एक थांबा अलीकडेच उतरले. तिथल्या इमारती सगळ्या सारख्या, भिंतीवरचा आकडा तेवढा वेगळा. रावसाहेब मजला बरोबर चढले, पण इमारत चुकली. परक्या ग्रिलमध्ये किल्ली घालून खटपट करणारा अनोळखी माणूस पाहून आतली बाई घाबरली. तिने पोलीस बोलावले. पोलीस भले होते. त्यांनी रावसाहेबांना बसवलं, पाणी दिलं आणि गाडीतून घरी आणून सोडलं. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

प्रीतमचा मात्र चेहरा उतरला. "बाबा, आपला पीआरचा, इथे कायम राहण्याचा, अर्ज गेलाय. पोलिसांत नाव जायला नको. आणि आता तुमचं वय झालंय."

"अरे, चुकलो एकदा," रावसाहेब म्हणाले. "पत्त्याची चिठ्ठी खिशात ठेवीन."

"मी लिहून देते ना," रुपाली तिथल्या मिसळ बोलीत म्हणाली. "ब्लॉक नंबर, फोन नंबर, ऑल. सो ईझी लाह!"

इतकं सोपं होतं ते. पण भ्यायलेल्या माणसाला सोपा उपाय खोटा वाटतो. प्रीतमने विचारलं, "बाबा, तुमचं ते जुनं कुलूप कुठे आहे?" रावसाहेबांना वाटलं, रुपालीच्या सायकलला हवं असेल. त्यांनी स्वतः उठून मला आणून दिलं. खिशातली ग्रिलची किल्लीही काढून घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रिलला बाहेरून लागलो. माझी एक किल्ली तुआसला गेली, दुसरी बँकेत.

"पापा, इफ गॉट फायर, हाऊ?" आग लागली तर काय, असं रुपालीने विचारलं होतं.

"सिंगापूरमध्ये असं काही होत नाही," प्रीतम म्हणाला.

असं काही होत नाही, तर मग मी कशाला होतो हो? चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा हा न्याय. जन्मभर मी घरधन्याला बाहेर सोडून घर राखलं, आणि आता घरधन्यालाच राखायला मला बसवलं! मला माझ्या पितळेची लाज वाटली.

खाली वाट बघून टॅनबुवा वर आले. "राव! कम डाऊन, लाह!"

"लेग पेन," ग्रिलच्या आतून रावसाहेब म्हणाले.

टॅननी माझ्याकडे पाहिलं. मग रावसाहेबांकडे पाहिलं. मुलाची अब्रू झाकायला बाप खोटं बोलतोय, हे त्यांना कळायला भाषा लागली नाही. ते खाली गेले आणि पट, सोंगट्या, दोन स्टुलं घेऊन परत आले. एक स्टूल त्यांचं, दुसऱ्यावर पट. रावसाहेब गजांतून हात घालून सोंगटी सरकवू लागले. पुढे रोजच तसा डाव रंगे. रोज लेग पेन, रोज टॅन मान डोलवणार.

एके दिवशी प्रीतम लवकर घरी आला आणि त्याने ते पाहिलं. येणारे-जाणारे वाकून बघत होते. त्याच्या कानापर्यंत लाली चढली. टॅनना तो गोड शब्दांत म्हणाला, "अंकल, डॉक्टरने फादरला रेस्ट सांगितलीय." आणि आत येऊन बापाला म्हणाला, "लोक काय म्हणतील? मी तुम्हाला कोंडून ठेवतो म्हणून?"

रावसाहेब हळूच म्हणाले, "मग काय म्हणायला हवं?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे ना हे? रविवारी विहारात वंदनेला नेतोच की तुम्हाला!"

त्यानंतर लाकडी दारही बंद राहू लागलं. टॅन यायचे थांबले. आतून दूरदर्शन संचाचा आवाज तेवढा मला ऐकू येई.

प्रीतम वाईट होता असं मी म्हणणार नाही. बापाला महागडी चप्पल आणली त्याने, पण ती घालून जायचं कुठे?

वर्ष उलटून गेलं. एका सकाळी फोनवर बोलता बोलता प्रीतम मला दाबायचं विसरला आणि लिफ्टकडे पळाला. मी उघडाच लटकत होतो. दुपारी आतून लाकडी दार उघडलं. रावसाहेबांनी मला पाहिलं. गजांतून हात बाहेर काढून त्यांनी मला कडीतून उचललं, ग्रिल ढकलली. ती उघडली. खालून सोंगट्या आपटल्याचा आवाज येत होता. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो, जा, रावसाहेब, जा!

ते उंबऱ्यातच उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी ग्रिल ओढून घेतली, गजांतून हात घालून मला जागेवर अडकवलं आणि अंगठ्याने दाबलं.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "प्रीतम, सकाळी कुलूप उघडंच राहिलं होतं रे. मी लावून घेतलं. जपून जात जा."

एकताचा घास हातातच राहिला. रुपाली ताटावरून उठून गेली. प्रीतमचा चेहरा मात्र उजळला. "बघ एकता, बाबांना पटलं शेवटी. सुंठीवाचून खोकला गेला." दुसऱ्या दिवशी त्याने मला काढून टाकलं. ग्रिलची किल्लीही बापाला परत दिली. ती टीव्हीजवळ धूळ खात पडली. रावसाहेब पुन्हा एकटे खाली उतरले नाहीत.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा. चोर असतात, भीती खरी असते, मी काही वेडा नाही. पण लावण्याआधी आत कोण आहे ते बघा, त्याला विचारा, आणि एक किल्ली त्याच्या हातात ठेवा. वेळेवर ठेवा. उशिरा दिलेल्या किल्लीने फक्त मी उघडतो.