खोकला कुणाचा?

घरात एक खटला कित्येक वर्षं नुसता भिजत पडला होता. सासूबाई आणि त्यांची नणंद, म्हणजे जावयाच्या बायकोची आत्या, तरुणपणी एकाच समूहगानाच्या पथकात गायच्या. त्यांचं एक गाणं तेव्हा रेकॉर्ड झालं. गाणं गोड, पण दुसऱ्या कडव्याआधी सगळे क्षणभर थांबतात आणि नेमकी तिथेच कुणीतरी बाई खोकते. सासूबाई म्हणायच्या, "वन्संनी घोळ घातला." आत्या म्हणायच्या, "वहिनीलाच सर्दी होती." विषय निघाला की ताटातलं निवून जायचं, पण निकाल काही लागायचा नाही.

जावयाचं चष्म्याचं दुकान. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता स्पष्ट? आणि आता?" असं विचारता विचारता त्याला तीच खोड कानांच्या बाबतीतही जडली होती. दिवाणखान्यात त्याने चहूबाजूंनी स्पीकर उभे केले होते. पाहुण्यांना पाय ठेवायलाही जागा शोधावी लागे. त्या गाण्याच्या मूळ टेपा सापडल्या आणि ते हाय-रिझोल्यूशनमध्ये, सराउंडसकट, म्हणजे ज्याचा आवाज त्याच्या बाजूने येईल असं, नव्याने निघालं, हे कळताच त्याला अस्मान ठेंगणं झालं.

"खोकला कुठल्या बाजूने आला, ते बोटाने दाखवता येईल!" तो बायकोला म्हणाला.

"दारावरची बेल ऐकू येत नाही तुला, आणि चाललाय खोकला पकडायला," बायको म्हणाली. पण रविवारी दोघींना बोलावलं तिनेच.

चहा झाल्यावर जावयाने आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं, मग नवं. "पडला ना फरक?"

"पडला," आत्या म्हणाल्या. "हे जरा मोठ्याने वाजतंय."

जावई ओशाळला. बायकोने आवाज सारखा केला, सराउंड बंद ठेवलं आणि त्याला डोळे मिटायला लावून दोन्ही पुन्हा वाजवली. "दुसरं नवं! काय तो मोकळेपणा!" तो छातीठोकपणे म्हणाला. दुसरं जुनं निघालं. सासूबाईंनी पदराआड हसू दाबलं. शेवटी जावई होता तो.

"ते जाऊ दे," तो घाईने म्हणाला. "खरी गंमत सराउंडमध्येच आहे."

त्याने कव्हरवरचा फोटो पुढे केला. डाव्या टोकाला सासूबाई, शेजारी पेटीवाले; उजव्या टोकाला आत्या. म्हणजे दाराकडचा, डावा स्पीकर सासूबाईंचा आणि खिडकीकडचा, उजवा आत्यांचा. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, सगळे थांबले, आणि खिडकीकडून खणखणीत खोकला आला.

आत्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं भांडल्या होत्या बिचाऱ्या. सासूबाईंना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्या खुशीत मान डोलवत राहिल्या.

"अगंबाई, पेटी बघा कशी सुरेख वाजतेय! अगदी माझ्या कानाशी असायची ती."

त्यांनी बोट दाखवलं ते खिडकीकडे.

जावयाने खिडकीकडे पाहिलं, मग फोटोकडे. पेटी खिडकीकडून येतेय, म्हणजे वायरी उलट्या लागल्या! गप्प बसावं तर आत्यांवर अन्याय, बोलावं तर सासूबाईंचा रोष. त्याने कपाटामागे डोकं घातलं, वायरी पाहिल्या आणि तिथूनच, तोंड दिसत नसल्याचा फायदा घेत, बारीक आवाजात कबुली दिली.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे तू खोकलीस, आई," बायको म्हणाली.

वायरी बदलून गाणं पुन्हा लागलं. खोकला दाराकडून आला. आत्या आता उट्टं काढणार, असं जावयाला वाटलं. पण सासूबाईच पुढे सरकून बसल्या.

"पुन्हा लावा हो, जावईबापू." त्यांनी पुन्हा ऐकलं. "एवढ्या घोळक्यात कुणाचा म्हणून आवाज वेगळा कळत नाही. माझा मात्र कळतोय. कसा स्वच्छ आलाय!"

आत्या दचकल्या. त्यांनी डोळे मिटून एक अख्खं कडवं ऐकलं; स्वतःचा आवाज काही सापडेना.

"कशावरून तुझाच, वहिनी? माझ्याही घशात त्या दिवशी खवखव होती."

"वन्सं, तुम्ही त्या टोकाला होता!"

"मधे सरकले असेन. फोटो काय, नंतरही काढला असेल."

"इतकी वर्षं नाही म्हणत होतात ना?"

"इतकी वर्षं एवढं नीट कुठे ऐकू येत होतं!"

जावई हरखून बायकोकडे वळला. "ऐकलंस? आत्यासुद्धा म्हणाल्या, नीट ऐकू येतं!"

बायकोने कपबशा गोळा केल्या आणि ती आत निघून गेली. दोघी एकमेकींना गप्प करत होत्या, आणि त्या गोंधळात गाणं कुणालाच ऐकू येत नव्हतं.