लाभ, दोन, तीन

"मामाजी, हा तज्ज्ञ सांगून राहिला, मंदी हाये पन लाँग टर्म आउटलुक चांगला हाये," कमलेश मोबाईल पुढे धरत म्हणाला. "सेमीकंडक्टरचा धंदा असाच रायते. पडते, मंग उठते."

"कवा उठते?" तुलारामने विचारलं.

"दीड-दोन वर्स लागन."

"अन् शालूची फी शनिवारी भराची हाये."

भाच्याने मोबाईल खाली घेतला. शेअर त्याने दाखवला होता, पण पडत्या भावात आणखी घ्यायची अक्कल मामाचीच.

तुलाराम मोहाडीच्या बाजारात छत्तीस वर्षं मापाडी होता. काट्यावरून उतरलेलं पोतं मोजायचं, एवढंच काम. पण मोजणी अशी खणखणीत, की पलीकडच्या चहाटपरीवर ऐकू जायची. पहिल्या पोत्याला तो 'एक' कधी म्हणाला नाही. 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. ती मापाची जुनी रीत. इतक्या वर्षांत त्याने एकच खूणगाठ बांधली होती: दिवाळीनंतर धान मातीमोल होतं, ते तेव्हा विकायचं नाही. तो स्वतः तर त्या भावात चार पोती विकत घेऊन घरच्या ढोलीत, धान्याच्या कणगीत, टाकायचा आणि जेठ महिन्यात चढ्या भावाने काढायचा. घाईने विकणाऱ्या गावकऱ्यांना तोंडावर वेडे म्हणायचा.

तोच हिशेब त्याने शेअरला लावला. चिप बनवणाऱ्या कंपनीचा भाव पडला, याने आणखी घेतले. पुन्हा पडला, पुन्हा घेतले. मोबाईलला चिप लागते, गाडीला लागते, मग कंपनी जाते कुठे? कंपनी गेली नाही कुठे, भाव मात्र निम्म्याच्याही खाली आला. स्वतःचे चाळीस हजार तर होतेच, वर शालूच्या नर्सिंगच्या फीचे ऐंशी हजारही त्यात गेले. धान पडून राहिलं तर निदान शिजवून खाता येतं, हे या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही.

कौशल्याबाई सूप बाजूला ठेवून बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला कळायचं ते कळलं.

"फीचे पैसे बी टाकले का त्याच्यात?"

"टाकलो." लाजेने त्याची मान वर होईना.

"अवो, पोरीनं दोन वर्स जीव काढला त्या सीटसाठी! आता तिले काय सांगता, जेठापर्यंत थांब म्हनून?"

आत शालू फाईलला कागद लावत होती. तिचे हात थांबलेले दारातून दिसले.

"इक रे कमलेश," तुलाराम म्हणाला. "सगळे."

"मामाजी, आता इकले तं लॉस पक्का."

"इक म्हनलो ना!"

बासष्ट हजार आले. अठरा कमी पडले. कुणापुढे हात पसरायचा नाही, असं कौशल्याबाईने बजावलं आणि ढोलीतलं वर्षाचं धान काढायला लावलं.

शनिवारी सकाळीच व्यापारी भोजराज काटा घेऊन अंगणात आला. भाव दिवाळीनंतरचा, पोती बारा.

"तुलारामभाऊ, तुमी बी याच भावात इकून राहिले? काहून जी?" त्याने हसत विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

"लागले पैसे," तुलाराम म्हणाला.

हमालाने पहिलं पोतं काट्यावरून उतरवलं आणि सवयीने तुलारामकडे पाहिलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाला म्हटलेला तो शब्द स्वतःच्या दारात जिभेवर येईना. सगळे थांबले.

शालू फाईल छातीशी धरून ओसरीत उभी होती. फी भरायला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायला तयार.

"बाबा, मोजा ना," ती हळूच म्हणाली. "बस सुटून जाते."

त्याने घसा खाकरला.

"लाभ," तो म्हणाला. आवाज टपरीपर्यंत काही गेला नसता. "दोन. तीन."